पाथरवट मुख्य प्रधान

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरी राहते. मागे ती बडोद्यास आली असता तिने आणलेल्या छायाचित्रांत एका भव्य दगडी इमारतीचे चित्र होते. दर्शनी बाजूस उंच खांबांची रांग, तळाशी करड्या ग्रॅनाइटचे थर आणि वर फिकट रंगाचा संगमरवर. हे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे विधानभवन. यातले दगड घडवणाऱ्यांपैकी एक जण पुढे याच घरात मुख्य प्रधान होऊन बसला, असे ती सहज बोलून गेली. अशा कथा प्रत्येक गावात असतात आणि बहुधा त्या मागाहून रचलेल्या असतात, म्हणून मी प्रथम तिकडे लक्ष दिले नाही. पुढे कुतूहलाने मिळेल तेवढे वाचून काढले, आणि कथा अगदी खरी निघाली. त्या माणसाचे नाव टॉमस प्राइस. त्याचे लोक त्याला टॉम प्राइस म्हणत.

ती इमारत उठत होती त्याच सुमारास आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाडा उठत होता. राजवाड्याचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८९० मध्ये पुरे झाले. मेजर मँट आणि त्यांच्यामागून चिझम यांची नावे प्रत्येक माहितीपत्रकात आढळतात. परंतु त्याचे दगड कोणी घडवले? माझे वडील दरबारचे सनईवादक. त्यांना मी लहानपणी एकदा हे विचारले होते. ते थोडा वेळ विचारात पडले, आणि पाथरवट फार होते एवढेच म्हणाले. टॉम प्राइसची हकीकत वाचताना मला त्या उत्तराची आठवण झाली.

प्राइसचा जन्म वेल्समधील रेक्समजवळ ब्रिम्बो या गावी १९ जानेवारी १८५२ रोजी झाला. गाव कोळशाच्या खाणींचे आणि लोखंडाच्या भट्ट्यांचे. बाप जॉन प्राइस पाथरवट. मूल तान्हे असतानाच कुटुंब लिव्हरपूलला आले. लिव्हरपूल त्या काळी जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. गोद्या, वखारी, देवळे, सार्वजनिक इमारती यांची कामे अखंड चालत, आणि छन्नी हातोड्याच्या माणसाला तेथे मागणी होती. मुलाचे शिक्षण बेताचेच झाले. कोवळ्या वयातच तो बापाच्या हाताखाली दगड फोडावयास बसला. पुढचे शिक्षण त्याने आपल्या आपण रात्री पुस्तके वाचून केले. घरचे वळण मेथॉडिस्ट पंथाचे होते. दारूला शिवायचे नाही, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे आणि प्रसंगी उभे राहून प्रवचनही करायचे, असा तो शिस्तीचा पंथ. वेल्स प्रांतातील लोकांची प्रवचने आपल्याकडील कीर्तनासारखी रंगतात असे म्हणतात. तरुण प्राइसला सभेत उभे राहण्याची सवय राजकारणाने लावली नाही. ती प्रार्थनामंदिरात लागली.

लिव्हरपूलच्या परिसरात वाळूचा दगड मुबलक. घडवावयास तो सोपा, परंतु त्याची पूड फार घातक. वाळूच्या दगडात गारगोटीचे कण असतात. छन्नीच्या प्रत्येक घावाबरोबर ते हवेत उडतात, श्वासावाटे आत जातात आणि फुप्फुसात कायमचे रुततात. आज वैद्यक या रोगास सिलिकोसिस म्हणते. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात, हेही आता सर्वमान्य आहे. त्या काळच्या पाथरवटांना हे नाव ठाऊक नव्हते, पण चाळिशीच्या आत आपल्या धंद्यातली माणसे खोकून मरतात हे ते डोळ्यांनी पाहत होते. प्राइस तिशीत आला तोच त्याची छाती बिघडली. १८८१ मध्ये ॲन एलिझाबेथ लॉइड हिच्याशी त्याचा विवाह झालेला, पदरी लहान मूल. कोरड्या, उबदार हवेच्या देशी गेले तर तो जगेल, एवढ्याच आशेने हे कुटुंब १८८३ साली जहाजात बसले आणि ॲडलेडला उतरले.

मी गाणे शिकवतो. माझा सारा धंदा दमसासावर चालतो, म्हणून ही हकीकत वाचताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा या माणसाच्या श्वासाकडे जात राहिले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. भरलेल्या सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा तर तो पोटातून काढावा लागे. निकामी होत चाललेल्या छातीनिशी हा माणूस वीस पंचवीस वर्षे बोलत राहिला. माझ्या वडिलांची सनई उतारवयात दम्याने सुटली. तेव्हा एक स्वर लांबवणे हे कसले कष्टाचे काम होते ते मी घरात पाहिले आहे.

ॲडलेडला आल्यावर त्याला काम मिळाले ते नव्या विधानभवनावर. कपुंडा गावचा संगमरवर आणि वेस्ट आयलंड बेटावरचा ग्रॅनाइट तेथे येऊन पडत होता, आणि तो घडवणाऱ्यांत प्राइस होता. या इमारतीची एक गंमत आहे, तिचा या चरित्राशी संबंध येतो. आराखडा भव्य काढला, पण पैसा पुरेना. म्हणून फक्त पश्चिमेकडचा अर्धा भाग बांधून १८८९ मध्ये कनिष्ठ सभागृह तेथे नेले. वरिष्ठ सभागृह, म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, शेजारच्या जुन्या इमारतीतच बसत राहिले. ज्यांनी पुढे प्राइसची वाट अडवली ते सभासद अशा रीतीने त्याच्या घडवलेल्या घरात नव्हतेच, भिंतीपलीकडच्या घरात होते.

दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत इतरांहून थोडी निराळी. तेथे कैद्यांची वसाहत कधी झाली नाही. कनिष्ठ सभागृहासाठी सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क १८५६ मध्येच मिळाला होता. पण हक्क असला तरी मजुराने सभासद व्हावे कसे? दिवसभर सभागृहात बसला तर घरची चूल पेटणार कशी? १८८७ मध्ये सभासदांना वर्षाला २०० पौंड वेतन देण्याचा कायदा झाला आणि ही अडचण दूर झाली. इतिहासाच्या पुस्तकांत हा कायदा एका ओळीत संपतो. मला वाटते, प्राइससारख्यांच्या आयुष्यात त्याहून मोठी घटना दुसरी नाही. १८९१ मध्ये कामगार संघांनी मिळून युनायटेड लेबर पार्टी, म्हणजे मजूर पक्ष, स्थापन केला. प्राइस गवंडी आणि पाथरवटांच्या संघात वावरणारा, शिवाय इझलिंग्टन येथील रेल्वे कारखान्याच्या बांधकामावर देखरेखीचे काम त्याने केलेले. १८९३ च्या निवडणुकीत तो स्टर्ट मतदारसंघातून निवडून आला. ज्या दगडांवर त्याने छन्नी चालवली होती त्यांच्याच आत तो सभासद म्हणून शिरला. तेव्हा त्याचे वय ४१ वर्षांचे होते.

त्यावेळी मजूर पक्ष थोडा होता आणि किंग्स्टन यांच्या सुधारणावादी मंत्रिमंडळाला पाठिंबा देत होता. १८९४ मध्ये याच सभागृहांनी स्त्रियांना मताचा आणि निवडणुकीस उभे राहण्याचाही हक्क दिला. जगात इतरत्र तोवर कोठेही हे दोन्ही हक्क एकत्र मिळाले नव्हते. प्राइसचा स्वतःचा विषय कारखाने आणि घरी काम करणाऱ्या बायकांची मजुरी हा होता. शिवणकाम घरी नेऊन दिवसरात्र खपणाऱ्या आणि त्यावर पोट न भरणाऱ्या बायकांविषयी तो पोटतिडकीने बोले. १८९९ मध्ये पक्षाचे नेते बॅचलर मंत्री होऊन बाजूला झाले, तेव्हा पक्षाने नेतेपद प्राइसला दिले. त्याच्याविषयी जे वर्णन आढळते त्यात पांडित्याची तारीफ नाही. उत्साह, कळकळ आणि सरळपणा हेच शब्द येतात.

१९०५ च्या निवडणुकीनंतर मजूर पक्ष सभागृहातला मोठा गट झाला, तरी बहुमत नव्हते. प्राइसने आर्चिबाल्ड पीक यांच्या उदारमतवादी गटाशी हातमिळवणी केली. चार मंत्र्यांचे मंडळ झाले. दोन यांचे, दोन त्यांचे. २६ जुलै १९०५ रोजी प्राइस मुख्य प्रधान झाला. त्यापूर्वी क्वीन्सलँडात १८९९ मध्ये एक मजूर मंत्रिमंडळ आठवडाभर टिकले होते. संपूर्ण ऑस्ट्रेलियाचे मजूर मंत्रिमंडळ १९०४ मध्ये चारएक महिन्यांत पडले होते. प्राइसचे मंत्रिमंडळ जवळजवळ चार वर्षे, त्याच्या मृत्यूपर्यंत, टिकले. मजुरांच्या प्रतिनिधींना राज्य चालवता येते, हे लोकांना प्रथम येथे दिसले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. वरिष्ठ सभागृहासाठी मत देण्याचा हक्क मालमत्तेवर होता. ५० पौंडांची स्वतःची मिळकत, किंवा वर्षाला २५ पौंड भाड्याचे घर, अशा अटी होत्या. म्हणजे आठवड्याला सुमारे साडेनऊ शिलिंग भाडे देणारा मतदार, त्याहून कमी देणारा नाही. कनिष्ठ सभागृहाने पाठवलेले कोणतेही विधेयक हे लोक परत फिरवू शकत. मजूर पक्षाची मागणी उघड होती: प्रत्येक प्रौढाला मत. प्राइसला ठाऊक होते की ते मिळणार नाही. त्याने भाड्याची अट २५ वरून १५ पौंडांवर आणण्याचे विधेयक मांडले. कौन्सिलने ते फेटाळले. तेव्हा १९०६ मध्ये त्याने कनिष्ठ सभागृह विसर्जित केले आणि या एकाच प्रश्नावर लोकांपुढे गेला. लोकांनी त्याच्या पक्षाला ४२ पैकी २० जागा दिल्या. एवढा स्पष्ट कौल मिळाल्यावर कोणालाही वाटावे, आता हा माणूस मागे हटणार नाही.

तो हटला. १९०७ मध्ये तडजोड झाली ती १७ पौंडांवर. त्याखेरीज धर्मोपदेशक, शाळांचे मुख्य शिक्षक, पोस्टमास्तर अशा काही लोकांना पदामुळे मत मिळाले. दोन पौंडांचा फरक. आठवड्याचा हिशेब केला तर पावणेसहा आणि साडेसहा शिलिंग यांतले अंतर. ऐकायला किरकोळ, पण त्या पाऊण शिलिंगाच्या फटीत कितीतरी कुटुंबे बाहेर राहिली. सहा शिलिंगांच्या खोलीत राहणारा मजूर कोण होता? पंचवीस वर्षांपूर्वी ॲडलेडच्या धक्क्यावर उतरलेला खोकणारा पाथरवटच तो.

हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला. ज्याने अर्धे घर हातांनी घडवले, त्याने दार अर्धेच उघडावे? पण पुढची हकीकत पाहिल्यावर मला माझे मत बदलावे लागले. प्राइसच्या मागून १९१० मध्ये मजूर पक्षाला प्रथमच स्वतःचे बहुमत मिळाले. त्याचा नेता जॉन व्हेरन. मूंटा येथील तांब्याच्या खाणीत काम केलेला, बोलण्यात रोखठोक माणूस. त्याने तडजोड करायची नाही असे ठरवले. सरकारी विटांच्या कारखान्याची तरतूद खर्चाच्या विधेयकात घालून ते कौन्सिलपुढे ठेवले. कौन्सिलने ते अडवले. व्हेरनने लंडनच्या सरकारकडे धाव घेतली, तेथेही कोणी ऐकले नाही, आणि १९१२ च्या निवडणुकीत त्याचे राज्य गेले. कौन्सिलसाठी सर्व प्रौढांना मत मिळावे हा कायदा व्हावयास १९७३ साल उजाडले. प्राइसच्या तडजोडीनंतर ६६ वर्षांनी. व्हेरनची बाजू न्यायाची होती, यात मला शंका नाही. परंतु १७ पौंडांच्या अटीमुळे जी माणसे १९०७ मध्ये आत आली ती प्राइसमुळे आली. दगडाला थर असतो, थराविरुद्ध घाव घातला तर दगड भलतीकडे फुटतो, हे पाथरवटाला कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय मला वाटते, आपल्या हातात किती वर्षे उरली आहेत याचा अंदाज या माणसाला इतरांपेक्षा अधिक होता. हा माझा तर्क आहे. तो कोणी मानावाच असे नाही.

त्या चार वर्षांतली बाकीची कामे थोडक्यात सांगतो. निरनिराळ्या धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी वेतनमंडळे प्रत्यक्षात चालू झाली. शिक्षणखाते प्राइसने स्वतःकडे ठेवले होते. १९०८ मध्ये ॲडलेड हायस्कूल निघाले आणि सामान्यांच्या मुलांना सरकारी माध्यमिक शाळेचे दार उघडले. आपल्याकडे श्रीमंत सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा साऱ्या राज्यास लावला तो १९०६ मध्ये, हे बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको. काळ एकच होता. नॉर्दर्न टेरिटरी हा उत्तरेकडील अफाट मुलूख १८६३ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गळ्यात होता आणि त्यापायी कर्ज वाढत होते. १९०७ मध्ये प्राइसने तो मध्यवर्ती सरकारकडे सोपवण्याचा करार केला, त्याची अंमलबजावणी १९११ मध्ये झाली. त्या करारात उत्तर दक्षिण रेल्वे पुरी करण्याचे वचन होते. ती रेल्वे डार्विनपर्यंत पोहोचली २००४ मध्ये. सरकारी वचनांचे वय सगळीकडे सारखेच असावे.

या मुलखातील मूळ रहिवाशांना करार करताना कोणी विचारले नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मजूर पक्षाचा कळवळा गोऱ्या मजुरापाशी थांबत असे. १९०१ मध्ये आशियातील लोकांना देशाबाहेर ठेवण्याचा जो कायदा ऑस्ट्रेलियाने केला, त्याला तेथील मजूर पक्षाचा पाठिंबा होता. प्राइस त्याच पक्षाचा नेता. माझी विद्यार्थिनी आज ज्या शहरात सुखाने राहते, तेथे त्या काळी तिला घर करता आले नसते. चरित्र लिहिताना असा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पसंत नाही.

ट्रामची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. ॲडलेडमध्ये १८७८ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. त्या निरनिराळ्या खासगी कंपन्यांच्या होत्या. विजेची ट्राम आणावी असे सर्व म्हणत, पण मालकी कोणाची यावर घोडे अडे. प्राइसच्या सरकारने कंपन्यांचा कारभार विकत घेतला आणि १९०६ च्या कायद्याने एक सार्वजनिक विश्वस्त मंडळ नेमून तो त्याच्या हवाली केला. रूळ नवे घातले, तारा ओढल्या, आणि ९ मार्च १९०९ रोजी पहिली विजेची ट्राम निघाली. हॅकनेच्या आगारापासून केन्सिंग्टनपर्यंत आणि परत. ती चालवली ॲन प्राइस हिने. मुख्य अभियंता गुडमन मदतीला उभे होते. पंचवीस वर्षांपूर्वी आजारी नवरा आणि लहान मूल घेऊन परक्या बंदरावर उतरलेली बाई, हातात ट्रामचा दांडा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारे शहर लोटलेले. या चरित्रातला एखादा क्षण पाहावयास मिळता तर मी हा मागितला असता.

प्राइस तोवर फार थकला होता. १९०८ मध्ये तो लंडनला फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या मोठ्या प्रदर्शनासाठी जाऊन आला. मजूर म्हणून सोडलेल्या देशात तो एका राज्याचा प्रमुख म्हणून उतरला. पण प्रकृती सावरली नाही. मधुमेह होता, आणि छातीतला जुना वैरी पुन्हा जागा झाला होता. डोंगरावरच्या थंड हवेत त्याला ठेवून पाहिले. ३१ मे १९०९ रोजी हॉथॉर्न उपनगरात त्याचे निधन झाले. वय ५७. ट्राम सुरू झाल्याला तीन महिनेही झाले नव्हते. मिचमच्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. त्याच्या मागे हातमिळवणी आठवडाभरही टिकली नाही. मुख्य प्रधानपद आपल्या नेत्यास मिळावे असे मजूर पक्ष म्हणाला, पीक यांनी ते मानले नाही आणि स्वतःचे मंत्रिमंडळ बनवले. दोन पक्षांमधला सांधा प्राइस हाच होता, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले.

लिव्हरपूलहून कडेवर आणलेला मुलगा, जॉन लॉइड प्राइस, पुढे त्याच सभागृहात १९१५ ते १९२५ पर्यंत बसला आणि नंतर मध्यवर्ती संसदेत गेला. नकाशात टॉम प्राइस नावाचे गाव शोधू जाल तर ते सापडेल, पण ते हजारो मैलांवर पश्चिम ऑस्ट्रेलियात, लोखंडाच्या खाणींपाशी. त्याला नाव दिले आहे एका अमेरिकन पोलाद कंपनीच्या अधिकाऱ्याचे. आमच्या प्राइसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

विधानभवनाचा पूर्वेकडचा अर्धा भाग त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९३९ मध्ये, पुरा झाला. सर लँग्डन बॉनिथन यांनी त्यासाठी एक लाख पौंड दिले होते. जुन्या भागाशी जुळावा म्हणून दगड पुन्हा कपुंडाहूनच आणला. त्याच वर्षी कौन्सिलचे सभासद शेजारची जुनी इमारत सोडून या घरात राहावयास आले. मी विद्यार्थिनीला कळवले की पुढच्या खेपेस पश्चिमेकडच्या भिंतीचे जवळून एक छायाचित्र घेऊन ये. घडवणाऱ्यांची नावे तेथे नाहीत, असे तिने उत्तर पाठवले. छन्नीच्या खुणा मात्र तळाच्या ग्रॅनाइटवर हाताला लागतात.